पाढा आणि उडी

पहिल्यांदाच वर्गात हालचाल करत अभ्यास घेऊन बघणार असाल, तर आधी खेळ आणि मग अभ्यास असे दोन तुकडे पाडू नका. हालचाल करतानाच डोकं चालवावं लागलं पाहिजे. सातचा पाढा घ्या. तुम्ही संख्या म्हणायची. पाढ्यातली असेल तर मुलांनी पुढे उडी मारायची, नसेल तर मागे. ‘छप्पन्न’ला सगळे पुढे जातात. लगेच ‘चोपन्न’ म्हणा, निम्मा वर्ग पाय उचलता उचलता थबकतो. तो थबकण्याचा क्षण फार मोलाचा, तिथेच मूल स्वतःला आवरायला शिकतं. तिथे घाई करू नका.

नेदरलँड्समध्ये असे तास आठवड्यातून ३ वेळा, २ वर्षं घेतले गेले. २०१६ साली निष्कर्ष आले: गणित आणि शुद्धलेखन सुधारलं, वाचनात मात्र तसा फरक दिसला नाही. पाढे, शुद्धलेखन ही सरावाची कामं, म्हणून मी हे सरावालाच जोडते; नवी संकल्पना बसूनच शिकवते.

वेग वाढवण्याआधी नियम बदला, पुढे-मागे उलटं करा. नियम अंगवळणी पडला की उरते नुसती कवायत.

आणि कृपा करून चुकलेल्याला बाद करू नका. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेच मूल बाजूला बसून राहतं.