२.४ गिगाहर्ट्झचा छापील अँटेना: पाव तरंगलांबीची पट्टी काढूनही रेंज का मिळत नाही?

समजा, तुमचा बोर्ड २५ × ४५ मिमीचा, एफआर-४ चा (सर्किट बोर्डांचं नेहमीचं काचतंतूचं साहित्य). कडेला ३१ मिमीची नागमोडी पट्टी, मागे पूर्ण ग्राउंड (तांब्याचा सलग थर), आणि शेजारच्या खोलीतच वाय-फाय तुटतं. लांबी चुकली आहेच, पण खरा घात मागच्या ग्राउंडने केलाय.

पट्टीच्या अगदी खाली तांबं असलं की ती जवळजवळ फीडलाइनच (सिग्नल नुसता वाहून नेणारी लाइन) होते, बाहेर फारसं काही फेकत नाही. अँटेनाच्या जागेतलं तांबं सगळ्या थरांवरून काढा. तिथून एखादा एलईडीचा ट्रॅकही नेऊ नका. बोर्डाचं उरलेलं ग्राउंड मात्र जपा, कारण अँटेनाचा दुसरा अर्धा भाग तेच असतं. २५ मिमीच्या कडेवर ६-७ मिमी जागा दिली तरी मागे ३८ मिमी ग्राउंड उरतं. हवेतली पाव तरंगलांबी ३१ मिमी, म्हणजे तेवढं पुरतं. लांब कडेवर अँटेना नेला तर हे गणित बिघडतं.

लांबीचं म्हणाल तर ३१ मिमी हा हवेतला आकडा. एफआर-४ वर सरळ पट्टी साधारण २२ ते २५ मिमीवर जुळते, नागमोडीचा हिशेब आणखी वेगळा. आकार स्वतः शोधत बसू नका. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीएन०००७ या टिपणातला उलटा-एफ (इंग्रजी एफसारख्या आकाराचा) अँटेना २५.७ × ७.५ मिमीचा आहे, तो तुमच्या रुंदीत बसणार नाही. त्यांच्याच एएन०४३ मधला नागमोडी १५.२ × ५.७ मिमीचा, तो बसतो. त्यातली मापं आणि बोर्डाची जाडी जशीच्या तशी उचला; फक्त शेवटचं टोक १-२ मिमी जास्त ठेवा. तांबं कापता येतं, वाढवणं कटकटीचं.

चिपपासून फीडपर्यंत (अँटेनाला सिग्नल मिळतो त्या बिंदूपर्यंत) ५० ओहमची लाइन हवी: दोन थरांच्या ०.८ मिमी एफआर-४ वर सुमारे १.५ मिमी रुंद, १.६ मिमीवर ३ मिमी. ग्राउंडच्या कडेने दर २-३ मिमीवर व्हाया (थर जोडणारी तांब्याची छिद्रं). वाटेत पाय नेटवर्कसाठी (अँटेनाची जुळणी सुधारणाऱ्या तीन सुट्या भागांसाठी) ०४०२ मापाचे तीन पॅड सोडाच. सुरुवातीला मधल्यावर शून्य ओहम, बाजूचे दोन रिकामे.

मोजायला ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा व्हीएनए (अँटेना कुठल्या वारंवारतेवर जुळतो ते आलेखात दाखवणारं यंत्र) घ्या. जुने छोटे नॅनोव्हीएनए इथवर पोचत नाहीत. व्हीएनएपासून येणाऱ्या पातळ कोॲक्स केबलची बाहेरची जाळी ग्राउंडला नीट डाख द्या, केबलवर फेराइटचं कडं चढवा आणि कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी करा. केबलला हात लावल्यावर आलेख हलत असेल तर केबलच अँटेनाचं काम करतेय, ते रीडिंग सोडून द्या.

टोक कापायचं ते बॅटरी आणि प्लॅस्टिकची पेटी चढवून मोजल्यावरच. पेटी लागली की वारंवारता सहज ५०-१०० मेगाहर्ट्झ खाली येते आणि अख्खा वाय-फाय बँड आहे २४०० ते २४८३.५! अर्धा-अर्धा मिमी कापा, प्रत्येक वेळी पेटी बंद करून पाहा. बँडभर एस११ (अँटेनाकडून परत फिरणारा सिग्नल) उणे १० डीबीच्या खाली आला की थांबा. पाय नेटवर्कला हात घालायचा तो त्यानंतर, एस११ च्या आलेखातला खळगा योग्य जागी असूनही उथळ असेल तरच.

आणि नुसत्या एस११ वर विसंबू नका. अँटेनाऐवजी ५० ओहमचा रेझिस्टर लावला तरी एस११ सुंदर दिसतो. त्याच जागेवर, त्याच राउटरसमोर एखादं तयार मॉड्यूल ठेवून दोघांचा आरएसएसआय (मिळणाऱ्या सिग्नलची ताकद) ताडून पाहा, दोन्ही बोर्ड चारही दिशांना फिरवून.