अंटार्क्टिकाला जायचं नसेल तर नुसतं उशुआयाला जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की अंटार्क्टिकाची बोट परवडत नाही, मग अर्जेंटिनाच्या पार दक्षिण टोकाला नुसतं उशुआया बघायला जावं का, किती दिवस ठेवावेत, आणि शाकाहारी माणसाचं तिथं भागतं का. बाकीची उत्तरं वाचली. सगळ्यांचा सूर एकच: तिथपर्यंत गेलात तर कर्ज काढा, पण अंटार्क्टिका कराच. हेच वाक्य मी आमच्या घरात दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर ऐकते, म्हणून लिहायला बसले.

तर आधी उत्तर. जा. खुशाल जा.

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, 'अंटार्क्टिका करून' आलेत. ब्युनोस आयर्सहून मोठ्या जहाजाची सफर, वाटेत उशुआयाचा थांबा. सकाळी उतरले, दुपारी परत चढले. तेवढ्या वेळात सान मार्तीन रस्त्यावर चॉकलेटं घेतली, 'जगाचा शेवट' लिहिलेल्या पाटीपाशी फोटो काढला आणि निकाल दिला की गावात काही नाही. त्याच गावात आम्ही दोघं चांगले निवांत राहिलो होतो (ह्यांची नोकरी तेव्हा ब्युनोस आयर्सला होती) आणि बोटीच्या वाटेला न जाता परत आलो. तेव्हापासून भाऊजींचं पालुपद सुरू आहे: "पंढरपूरला गेलात आणि विठोबा न बघता आलात." अहो, विठोबा पंढरपुरातच असतो! हजार किलोमीटर खवळलेल्या समुद्रापलीकडे नसतो. उशुआया ही कुठल्या दुसऱ्या देवळाची पायरी नाही. ऐंशी हजार माणसांचं, तिएरा देल फुएगो बेटावरच्या त्याच नावाच्या प्रांताच्या राजधानीचं शहर आहे ते. पाठीशी मार्शियाल डोंगररांग, पुढ्यात बीगल खाडी, आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या उतारावर पत्र्याच्या रंगीत छपरांची घरं. रस्ते इतके चढे की बाजाराची पिशवी घेऊन वर जाताना मध्ये थांबावं लागतं.

आम्ही खाडीतल्या सफरीची तिकिटं काढली होती. सकाळी धक्क्यावर गेलो तर वाऱ्यामुळे बंदर बंद. तिथे हे नेहमीचंच. कोणी चिडत नाही, तिकीट दुसऱ्या दिवसावर टाकून देतात. मग काय करायचं म्हणून जुना तुरुंग बघायला गेलो, आणि आत जे शिरलो ते संध्याकाळी बाहेर आलो.

हे शहर मुळात कैद्यांनी बांधलंय. अर्जेंटिनाच्या नौदलाने १८८४ साली इथे झेंडा लावला खरा, पण इतक्या थंडीत आपणहून राहायला येणार कोण? मग सरकारने माणसंच धाडली, बेड्या घालून. १९०२ पासून कैद्यांनी आपलाच तुरुंग बांधायला घेतला. रस्ते, पूल, लाकूडतोड सगळं त्यांच्याकडून. मधोमध गोल दालन आणि त्याला फुटलेल्या पाच लांब इमारती, ३८० कोठड्या. मराठी माणसाला त्या गोल दालनात उभं राहिल्यावर अंदमान आठवल्याशिवाय राहत नाही. सेल्युलर जेलचीही रचना अशीच, तिथे सात इमारती होत्या एवढंच. आणि तारखा बघा. सिमोन रादोवित्स्की नावाच्या अराजकवादी पोराने १९०९ साली ब्युनोस आयर्सच्या पोलीसप्रमुखावर बॉम्ब टाकला. वय कमी म्हणून मृत्युदंड टळला आणि १९११ साली त्याला उशुआयाला आणलं. त्याच १९११ साली सावरकर अंदमानात पोचले. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन सरकारांना एकच कल्पना सुचली होती: समुद्राचीच भिंत करायची. रादोवित्स्की १९१८ साली पळाला, चिलीच्या हद्दीत पकडला गेला, परत आला आणि १९३० साली माफी मिळून सुटला. राष्ट्राध्यक्ष पेरॉनच्या सरकारने १९४७ मध्ये तुरुंग बंद केला. आज तिथे संग्रहालय आहे. एक इमारत मुद्दाम जशीच्या तशी ठेवली आहे, ऊबही न देता. त्यात पाच मिनिटं उभे राहा, अंगातलं जाकीट असून नसल्यासारखं होतं. भाऊजींना ह्या तुरुंगाबद्दल विचारलं तर म्हणाले, "तुरुंग बघायला एवढ्या लांब कोण जातं?" ह्यावर मी काही बोलले नाही, ताई समोर होती.

त्या संध्याकाळी आम्ही जिच्या घरी वरच्या मजल्यावर उतरलो होतो तिने माते करून पाजला. अर्जेंटिनात तो कडवट पाल्याचा काढा एकाच नळीने सगळे पितात. ह्यांनी जरा काचकूच केली, मी प्यायले. बाई साठीच्या. आईवडील उत्तरेकडच्या गरम मुलखातून आलेले. १९७२ साली सरकारने ह्या प्रांताला करमाफी दिली, टीव्ही जोडायचे कारखाने आले, आणि त्या कारखान्यांच्या मागून माणसं आली. अर्जेंटिनात विकले जाणारे किती तरी टीव्ही आणि मोबाइल अजून ह्या बेटावरच जोडले जातात. बाई सांगत होत्या की लहानपणी इथे सगळे सगळ्यांना ओळखायचे, आता चढावर नव्या वस्त्या झाल्यात, जागा मिळेल तिथे घरं उठतात, आणि पर्यटकांमुळे भाडी अशी वाढलीत की शिक्षकांना खोली मिळत नाही. "येणारा प्रत्येक जण बोट कधी सुटते एवढंच विचारतो," असं त्या हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं. मग मी मुद्दाम विचारलं की खाडीपलीकडचं चिलीचं पुएर्तो विल्यम्स तर ह्याहून दक्षिणेला आहे, चिलीने २०१९ पासून त्याला शहर म्हणायलाही सुरुवात केली आहे, मग शेवटचं शहर कोणाचं? बाईंनी मातेचा पेला खाली ठेवला. "दोन-अडीच हजार माणसांचं कसलं शहर?" विषय संपला. कोकणातल्या दोन शेजारच्या गावांना आंब्यावरून भांडताना ज्यांनी ऐकलंय त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

एक जपा: ज्या बेटांवरून १९८२ साली अर्जेंटिना आणि ब्रिटनचं युद्ध झालं त्यांना इथल्या लोकांसमोर 'फॉकलंड' म्हणू नका. माल्विनास म्हणायचं. 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका एप्रिल १९८२ मध्ये इथूनच निघाली आणि २ मे रोजी बुडाली, ३२३ माणसं गेली. किनाऱ्यावर स्मारक आहे, दर वर्षी १ एप्रिलची रात्र लोक तिथे जागून काढतात.

आता तुमच्या कामाचं. चार-पाच दिवस ठेवा, कारण एखादा दिवस वारा खाणारच. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. जानेवारीत रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण म्हणून उन्हाळा समजू नका. दुपारचं तापमान साधारण चौदा-पंधरा अंश, आणि एका दिवसात ऊन, पाऊस, गारा सगळं होतं. छत्री नेऊ नका, उलटी होते. ब्युनोस आयर्सहून विमान साडेतीन तासांचं. परदेशातून येणारं विमान ब्युनोस आयर्सबाहेरच्या एसेइसा विमानतळावर उतरतं आणि उशुआयाची बहुतेक विमानं शहरातल्या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात, तेव्हा मध्ये भरपूर वेळ सोडा. रस्त्याने ३,००० किलोमीटरहून जास्त आहे आणि वाटेत चिलीत शिरून मॅगेलनची सामुद्रधुनी फेरीबोटीने ओलांडावी लागते. चिलीचा व्हिसा आणि अर्जेंटिनात परत शिरायची सोय नसेल तर तो नाद सोडा.

राष्ट्रीय उद्यानाला एक पूर्ण दिवस द्या, लापाताइया उपसागरापाशी तीन नंबरचा महामार्ग अक्षरशः संपतो. पर्यटकांसाठीची 'कैद्यांची आगगाडी' मला महाग वाटली. पण तिच्या वाटेवर कैद्यांनी तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत, काही पायाशी कापलेले, काही कमरेएवढे उंच. उंच बुंधे हिवाळ्यातले. बर्फ जिथपर्यंत साचलेलं होतं तिथून वर कुऱ्हाड चालली. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून ओढ्यावर धरण बांधणारा प्राणी, त्याची धरणंही दिसतील. १९४६ साली फरसाठी कॅनडाहून २० बीव्हर आणून सोडले, त्यांना खाणारा प्राणी इथे नाही, आणि आता त्यांनी जंगलंच्या जंगलं पाण्याखाली घालून मारलीत. 'काय गोड प्राणी' म्हणून तिथल्या वनरक्षकाला सांगायला जाऊ नका.

खाडीच्या सफरीत खडकांवर काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांची दाटी दिसेल आणि बोटीवर कोणीतरी 'पेंग्विन!' म्हणून ओरडेल. ते पाणकावळे असतात, थोड्या वेळाने उडतात. पेंग्विन हवे असतील तर मार्तीयो बेटाची वेगळी सफर घ्या. ही सगळी खाडी हजारो वर्षं यागान (त्यांनाच यामानाही म्हणतात) लोकांची होती. ह्या थंडीत ते जवळपास उघडे, अंगाला चरबी चोळून, होडीतही विस्तव पेटता ठेवून राहायचे. गोऱ्यांबरोबर गोवर आला आणि काही दशकांत वस्त्या संपल्या. ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्या शेवटच्या बाई, क्रिस्तिना काल्देरोन, पुएर्तो विल्यम्सजवळ राहायच्या, २०२२ साली वारल्या. यामाना संग्रहालय छोटं आहे, पण चुकवू नका.

शाकाहारी: भागतं, पण डोळे उघडे ठेवून. पिझ्झा, पास्ता, मक्याच्या सारणाचे एम्पानादा (आपल्या करंजीसारखे) सगळीकडे. मात्र एम्पानादाच्या पारीत आणि पावात बऱ्याचदा गाईची चरबी असते. 'ग्रासा' म्हणजे चरबी, 'मांतेका' म्हणजे लोणी, हे दोन शब्द पाठ करा. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, मेतकूट-पोहे न्या. तांदूळ, मसूर, भाज्या दुकानात मिळतात, भाज्या महाग.

आता थोडं उलट बाजूचंही लिहिते. उशुआया स्वस्त नाही, पेसोचे भाव वर-खाली होत असतात, त्यामुळे आकडे देत नाही. आणि तुम्हाला मुख्यतः हिमनदी बघायची असेल तर मार्शियालवर चढून निराश व्हाल. आता तिथे फारसा बर्फ उरलेला नाही. त्यासाठी एल कालाफातेला जा, पेरितो मोरेनो हिमनदी बघा, विमानाने दीड तासाच्या आत आहे. ज्यांच्याकडे पैसे आणि पोट दोन्ही भक्कम आहे त्यांनी अंटार्क्टिकालाही जरूर जावं. ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडायला जाताना दोन दिवस, येताना दोन. मी कोणाला अडवत नाही.

फक्त बोट ठरवण्याआधी तिच्यावर प्रवासी किती, ते विचारा. अंटार्क्टिका कराराचा नियम आहे: पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि लहान जहाजांनाही एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं उतरवता येतात. भाऊजींच्या जहाजावर दोन हजारांहून जास्त लोक होते, हे त्यांनीच कौतुकाने सांगितलंय, चार उपाहारगृहं आणि नाट्यगृहासकट. म्हणजे त्यांनी अंटार्क्टिका कठड्याला टेकून बघितली. आणि फोटोंच्या पुस्तकात त्यांनी ज्या लाल-पांढऱ्या दीपगृहाखाली 'ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतलं दीपगृह' असं छापून घेतलंय ते लेझेक्लेरर. कादंबरीतलं दूर पूर्वेला, इस्ला दे लोस एस्तादोस बेटावर आहे. तिथे भाऊजींचं जहाज गेलंच नव्हतं.