1917 च्या ब्रिटिश सॉव्हरिनला (सोन्याच्या नाण्याला) लिलावात खरंच जास्त भाव मिळतो का?
मिळतो, पण नाणं लंडन टांकसाळीचं असेल तरच. नाण्याच्या मागच्या बाजूला, सालाच्या अगदी वर, घोडेस्वाराच्या घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर दहापट भिंग धरा. तिथे एस, पी, एम किंवा सी हे इंग्रजी अक्षर दिसलं, तर नाणं सिडनी, पर्थ, मेलबर्न किंवा कॅनडाचं. अशा नाण्याचा भाव मुख्यतः आतल्या 7.32 ग्रॅम शुद्ध सोन्याचाच धरा. अक्षर नाही म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. याच सालाची बनावट नाणी फार आहेत, आणि ती सोन्याचीच असली की 7.98 ग्रॅम वजन, 22.05 मिमी व्यास सगळं बरोबर भरतं. कधी अक्षर खरवडलेलं असतं. तिथे पट्टी घासल्यासारखी सपाट दिसते. आधी तज्ज्ञाकडून प्रमाणित करून घ्या. आणि कृपा करून पॉलिश करू नका, किंमत तिथेच पडते.