वाचकांचे प्रश्न : सेडान घेताना

प्रश्न : मी निपाणीचा असून आठवड्यातून चार वेळा बेळगावला जाऊन-येऊन असतो, पावसाळ्यात कधी चोर्ला घाटातून गोव्यालाही जावे लागते. मध्यम आकाराची पेट्रोल सेडान घ्यायची आहे. भरवसा, वॉरंटी आणि सोयी यांत प्राधान्य कशाला द्यावे?

उत्तर : आपला प्रवास पाहता वॉरंटीतील वर्षांपेक्षा किलोमीटरचा आकडा आधी पाहावा. निपाणी-बेळगाव जाऊन-येऊन सुमारे दीडशे किलोमीटर होतात; आठवड्याला चार फेऱ्या धरल्या तर वर्षाला तीस हजार किलोमीटर सहज होतील, आणि जी वॉरंटी ‘चार वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते’ अशी आहे, ती आपल्यासाठी साडेतीन वर्षांच्या आतच संपेल. किलोमीटरची मर्यादा नसलेली, पण वर्षांनी कमी असलेली वॉरंटी म्हणूनच आपल्याला अधिक उपयोगी ठरू शकते. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांसारखे झिजणारे भाग सहसा तिच्यात येत नाहीत, आणि सर्व्हिस वेळेवर केल्याची नोंद नसेल तर दावा अडू शकतो.

भरवशाच्या बाबतीत साधे पेट्रोल इंजिन टर्बोपेक्षा (जादा हवा दाबून आत घेऊन जोर वाढवणाऱ्या इंजिनापेक्षा) कमी गुंतागुंतीचे असते, एवढे खरे. घाटात मात्र टर्बोचा जोर जाणवतो. अधिकृत सर्व्हिस सेंटर बेळगाव किंवा कोल्हापूरला आहे ना, हे आधी पाहावे. सनरूफवर पैसे घालवण्याऐवजी सहा एअरबॅग आणि स्थिरता नियंत्रण (गाडी घसरू लागल्यास सावरणारी यंत्रणा) असलेले मॉडेल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.