कौलारू छपराच्या कामावर नव्याने येणाऱ्यास

गोव्यात पावसाआधी, एप्रिल-मे महिन्यांत, शाकारणीची, म्हणजे छपराची कौले नीट करण्याची, कामे जोरात असतात, तेव्हा मदतनीस म्हणून शिरकाव करणे सोपे जाते. वर चढण्याची घाई करू नका. खाली मंगळुरी कौले निवडण्याचे काम मिळाले तर ते कमीपणाचे मानू नये, कारण टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारे कौल आणि तडा गेल्यामुळे बद्द वाजणारे कौल यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला मिस्त्री (तो कितीही तिरसट असला तरी) लवकर वर बोलावतो. छपरावर पाय कौलाच्या मध्यावर न टाकता खाली वासा असेल त्या रेषेत टाकावा. शेवाळलेल्या कौलावर मुळीच टाकू नये. कौले वळचणीकडून आढ्याकडे लावतात. सुरक्षा पट्टा मात्र रोजंदारी ठरवतानाच ठेकेदाराकडे मागावा.