'बिनकामाच्या' समितीच्या सभापतीला

चि. सभापतीबाईंस, अनेक उत्तम आशीर्वाद.

नगरपरिषदेत बांधकाम समिती मागितली होतीस, पाणीपुरवठ्यावर तडजोड करायची तयारी होती आणि पदरात पडली शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समिती. "तुला शोभेल असं खातं आहे" म्हणून पक्षातल्यांनी समजूत काढली, हे वाचून हसू आलं. बाई आणि त्यात शिकलेली, म्हणजे सांस्कृतिक! हा हिशोब नोकरीच्या पहिल्या गावापासून ऐकत आलोय. आता वर्षभर रांगोळी स्पर्धेची बक्षिसं वाटायची का, असं विचारलंयस. ती वाटावी लागतीलच. पण मुख्याधिकारी म्हणून मी ज्या ज्या पालिकांत होतो, तिथे सगळ्यांत कमी प्रश्न याच समितीत विचारले जायचे. त्यामुळे कुणी एखादा विचारलाच, तर तो आम्हा अधिकाऱ्यांना चांगला टोचायचा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात पाणी, गटारं, दिवाबत्ती ही करावीच लागणारी कामं आहेत. बागा, वाचनालयं, सभागृहं बरीचशी ऐच्छिक. पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यात उद्यानं आणि क्रीडांगणं आहेत, आणि लगेच पुढची नोंद सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाची आहे. कागदावर मान वाढला, टेबलावर फारसा नाही. दोन दिवस नळ आला नाही तर बायका हंडे घेऊन पालिकेच्या दारात बसतात. नाट्यगृहातला एसी बंद पडला तर लोक हातातल्या कागदाने वारा घेतात, चरफडतात आणि घरी जातात. तक्रार अर्ज येत नाही, म्हणून दप्तरी सगळं आलबेल.

पहिलं काम हे कर: नाट्यगृहाचं आरक्षण रजिस्टर माग. मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन माग, तोंडी नको. एका गावी असं रजिस्टर माझ्यापुढे आलं होतं. लाल कापडी बांधणी, कोपरे हाताळून तेलकट झालेले. शनिवार-रविवारच्या रकान्यांत निळ्या शाईने संस्थेचं नाव आणि शेजारी पावती क्रमांक. पण मधूनमधून पेन्सिलीने लिहिलेलं दिसायचं: 'मा. सदस्य', 'वरून फोन', 'नंतर कळवतील'. तिथे पावतीचा रकाना कोरा. पेन्सिल कशाला, असं विचारलं तर बुकिंग क्लार्क अगदी सरळपणे म्हणाला, "खोडायला बरं पडतं, साहेब." मेळावा झाला तर तारीख फुकटात जायची, रद्द झाला तर नाट्यगृह रिकामं राहायचं. आणि तीच तारीख मागणारं गावातलं हौशी नाट्यमंडळ तोवर एखाद्या मंगल कार्यालयात प्रयोग उरकून मोकळं झालेलं असायचं.

नाट्यगृह तोट्यात का चालतं, असं विचारलंस की तुझ्यापुढे वीजबिल ठेवतील. वीजबिल खरं असतं, पण ते अर्धंच उत्तर आहे. पालिकेच्या नाट्यगृहाचा, मैदानाचा, सभागृहाचा फुकट वापर सगळ्यांत जास्त कोण करतं? बहुतेक ठिकाणी आपणच: सदस्य, त्यांची मंडळं, त्यांचे नेते आणि शासकीय कार्यक्रम. सवलत द्यायला माझा विरोध नाही. शाळेचं स्नेहसंमेलन, भजनी मंडळाचा सप्ताह, अपंग मुलांचा कार्यक्रम यांच्याकडून पूर्ण भाडं घ्यावं असं कोण म्हणेल? पण सोडून दिलेलं भाडं हा पालिकेचा खर्चच आहे, एवढं तुझ्या समितीने ठरावात लिहून घ्यावं. दर महिन्याला एक पानी यादी यावी: कुणी मागितलं, कुणी मंजूर केलं, किती भाडं सुटलं. पहिल्याच यादीत तुझ्या गटनेत्याचं नाव निघेल. तेही सभेत मोठ्याने वाच. ते गाळलंस तर यादी विरोधकांना झोडपायला केली असं होईल आणि दोन महिन्यांत ती बंद पडेल.

दुसरं, पाहणीचं. उद्घाटनाच्या किंवा सत्काराच्या दिवशी पाहिलेल्या वास्तूला पाहणी म्हणू नये. त्या दिवशी स्वच्छतागृहात फिनाईलचा वास असतो. व्यावसायिक नाटकाचा प्रयोग असेल त्या दिवशी जा, आणि नेपथ्याचा टेम्पो जिथे लागतो त्या मागच्या दाराने आत शिर. सेटची माणसं सामान कुठून चढवतात, पायरी फुटलीय का, विंगेत वायरी कशा लोंबतायत, रंगपटातल्या आरशाभोवतीचे किती दिवे लागतात, नटीला कपडे बदलायला कडी असलेलं दार आहे का, हे बघ. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभी राहा. रांग संपायच्या आत तिसरी घंटा झाली तर पुढच्या अंदाजपत्रकात काय मागायचं ते तुला कळलं. हे सगळं मी मुख्याधिकारी म्हणून केलं असतं तर 'साहेबांची भेट' झाली असती. आदल्या रात्रीच फोन गेले असते. तुझ्यावर अजून तसा पहारा बसलेला नाही, तो बसायच्या आत एक फेरी उरकून घे.

मे २०२३ मध्ये रत्नागिरीत भरत जाधवांनी प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांची हात जोडून माफी मागितली होती, आठवतं? एसी नाही, ध्वनियंत्रणा नीट नाही, आणि इथे पुन्हा प्रयोग करणार नाही असं ते मंचावरून सांगून गेले. नाट्यगृह नगरपरिषदेचं, माफी मागितली नटाने. त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला तेव्हा कुठे धावाधाव. तुझ्या गावात नट येऊन बोलायची वाट पाहू नकोस.

आगीबद्दल मात्र घाई कर, बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली १९१५ ची वास्तू, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. लाकूड, पडदे, जुनं वायरिंग आणि वर दिव्यांची उष्णता असं सगळं एका छपराखाली असतं, हे नाट्यगृहाच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घ्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. पालिका हे गावातल्या हॉस्पिटलांकडून, मंगल कार्यालयांकडून मागते. स्वतःच्या नाट्यगृहाचा फॉर्म बी फाईलला आहे का, एवढंच पहिल्या बैठकीत विचार. उत्तर यायला वेळ लागला तर समजून जा. आणि कागद असला तरी संकटकाळी उघडायच्या दाराला कुलूप आहे का, ते स्वतः ढकलून बघ.

आता जरा किचकट भाग. राज्यातल्या बऱ्याच पालिकांत २०२१-२२ पासून तुम्ही निवडून येईपर्यंत प्रशासक होते. त्या काळात समित्याच नव्हत्या. दर ठरले, करार झाले, जलतरण तलाव, बागेतलं खेळण्याचं साहित्य, सांस्कृतिक भवन कुणाकुणाला 'चालवायला' दिलं गेलं. त्यातलं काही चांगलंही असेल. प्रशासक म्हणजे चोर असं मी तरी म्हणणार नाही, त्याच जातीचा मीही आहे. पण ते करार सभागृहात कुणी वाचलेले नाहीत. नगरपरिषद अधिनियमातलं कलम ९२ वाच. पालिकेची स्थावर मिळकत देऊन टाकायची तर शासनाची मंजुरी लागते आणि भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहेत. म्हणून पुष्कळदा कागदावर भाडेपट्टा नसतोच, 'देखभाल व परिचालन' असतं. शब्द बदलला तरी किल्ली ठेकेदाराकडेच असते. करारात तीन गोष्टी शोध: लोकांकडून घ्यायचा दर कोण ठरवतं, पालिका शाळांच्या मुलांसाठी आणि बायकांसाठी वेळ राखलीय का, आणि अट मोडली तर दंड किती. तिसरी बहुधा सापडणार नाही.

मुंबईत जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळी मैदानं आणि बागा संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरण मंजूर केलं. एवढी ओरड झाली की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि आधी दिलेल्या जागाही परत घ्यायला सांगितल्या. धोरण एका आदेशाने थांबतं, पण एकदा कुंपणाच्या आत गेलेली जागा परत मिळवायला वर्षं जातात. म्हणून सही व्हायच्या आधीचा कागद बघायची सवय लाव.

मैदानाबद्दल एकच गोष्ट. कार्यक्रमानंतर मंडपाच्या खांबांचे खड्डे बुजवलेत का आणि खिळे उचललेत का, हे पाहिल्याशिवाय अनामत रक्कम परत करायची नाही. सोमवारी पहाटे अनवाणी धावणारी पोरं तिथे येतात. बाग दुपारी बंद का असते, हेही विचार. माळी जेवायला जातो म्हणून बंद, असं उत्तर मी ऐकलंय.

वाचनालयावर मात्र रेंगाळ. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालयांसाठी वेगळा कर नाही, सगळी मदार अनुदानावर. त्यामुळे गावोगावचं वाचनालय कायम हात पसरलेलं. त्यात आता तिथे येणाराच बदललाय. कथा-कादंबऱ्यांचे वर्गणीदार पेन्शनर उरलेत, आणि बाकी खुर्च्या एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीच्या पोरापोरींनी भरल्यात. सकाळी सहाला दार उघडण्याआधी पायरीवर पाण्याच्या बाटल्या आणि कापडी पिशव्यांची रांग असते. बाटली म्हणजे नंबर. ग्रंथपाल त्यांच्यावर वैतागतो, कारण ती पुस्तक घेत नाहीत, स्वतःचीच आणतात. मी त्या पोरांच्या बाजूचा आहे. दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीच्या आवाजात अभ्यास होत नाही म्हणून ती येतात. त्यांना तुझ्याकडून पुस्तकं नकोत. चार्जिंगचे पॉइंट, रात्री दहापर्यंत दिवा, पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी आतल्या बाजूला स्वच्छतागृह हवंय. यातल्या एकाही गोष्टीला फीत कापता येत नाही, म्हणून ती होत नाहीत. मुलींना विचार, संध्याकाळी सातनंतर का थांबत नाहीत? बहुधा रस्त्यावरचा बंद दिवा निघेल. तो विषय दुसऱ्या समितीचा. तिथल्या सभापतींकडे जाऊन बस आणि करून घे.

महोत्सवाचा आग्रह होईलच. शहराच्या नावाचा, तीन दिवसांचा, टीव्हीवरच्या चेहऱ्यांचा. सांस्कृतिक लेखाशीर्षातली बरीचशी रक्कम त्यातच जाते आणि बालनाट्याला, एकांकिका स्पर्धेला, कुस्तीच्या तालमीतल्या मॅटला उरतं ते चिल्लर. पूर्ण विरोध करू नकोस, एकटी पडशील. एक दिवस कमी करून घे, आणि ती रक्कम कोणत्या शीर्षात वळवली ते इतिवृत्तात नोंदवून घे.

आणि एक दिवस निवेदन घेऊन माणसं येतील: अमुक नाटकाला, अमुक वक्त्याला नाट्यगृह देऊ नका. दबाव तुझ्याच माणसांचा असेल. संहितेचं काम रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं आहे, बंदोबस्ताचं पोलिसांचं. तुझ्या समितीने पाहायचं ते भाडं भरलं का, तारीख रीतसर मिळाली का आणि दारं उघडतात का. निवेदन घे, पोच दे, नियम वाचून दाखव. 'तांत्रिक कारणास्तव' नाट्यगृह बंद ठेवण्याची युक्ती कुणीतरी सुचवेल. त्या टिप्पणीवर सही करू नकोस.

सभेतली खुबी एवढीच की 'ऐनवेळचे विषय' सुरू झाले की उठून जायचं नाही. बाकीचे चहाला जातात. भाडेमाफी, मुदतवाढ, दरात सूट तेव्हाच मंजूर होते. बस, आणि लेखी टिप्पणी माग. अधिकाऱ्यांशी भांडण नको. अगदीच बेकायदा ठराव झाला तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो थांबवू शकतात, पण ते हत्यार वारंवार दाखवलंस तर तुझा कुठलाच कागद पुढे सरकणार नाही. बुकिंग क्लार्क, ग्रंथपाल, माळी आणि तलावावरचा जीवरक्षक या चौघांशी नीट बोलत राहा, त्यांना सगळं माहीत असतं. जीवरक्षकाला पगार वेळेवर मिळतो का, हेही त्यालाच विचार, ठेकेदाराला नव्हे.

विषय समितीची मुदत वर्षाची, त्यात पावसाळा आणि सणवार. फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची विशेष सभा लागेल, त्याआधी नाट्यगृह आणि मैदानाचं दरपत्रक तुझ्या समितीपुढून गेलं पाहिजे. रजिस्टरची आणि फॉर्म बीची मागणी याच आठवड्यात आवक-जावक विभागात देऊन पोच घे. पोचेचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, म्हणजे पंधरा दिवसांनी स्मरणपत्र कसं लिहायचं ते सांगतो.

तुझा,
काका