एक्स-रे नॉर्मल आला, तरी इजा कामावरचीच

"हाड मोडलं नाही, रक्त आलं नाही, एक्स-रेसुद्धा नॉर्मल. मग भरपाई कुठल्या तोंडाने मागू?"

कामावर दुखापत झालेल्या माणसांशी बोलणं हे माझं काम. इथे गोव्यात हा प्रश्न कुंडईच्या कारखान्यांतून येतो, कळंगुटच्या हॉटेलांतल्या लाँड्रीतून येतो, फोंड्याच्या गोदामांतून येतो. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी शीर) किंवा लिगामेंट (हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा) फाटलं तर बाहेरून काही दिसत नाही, आणि मग माणसाला आपल्याच दुखण्याची लाज वाटायला लागते. प्रेमानंद यांचं प्रकरण (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्यात या दुखण्याच्या जोडीला एक खोटंही होतं. तेच खोटं अगदी प्रामाणिक माणसंही नोकरीच्या भीतीने बोलून जातात.

प्रेमानंद सत्तरी तालुक्यातले, वय ४०. टाइल्सच्या गोदामात हेल्पर, पगार महिना १४,००० रुपये. २०२३ चा ऑगस्ट, चतुर्थी तोंडावर, घरं दुरुस्त करून घेणाऱ्यांची घाई. मोरबीहून आलेला ट्रक रिकामा करायचा होता. तीसेक किलोची पेटी खांद्यावर घेऊन ते फाळक्यावरून उतरले आणि पुढचं पाऊल रेटताना टाचेमागे 'टाक' असा आवाज झाला. "कोणीतरी मागून दगड मारला असं वाटलं, बाई. वळून बघितलं तर कोणीच नाही."

अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर तुटलेली माणसं जवळपास याच शब्दांत सांगतात. पण गोदामात हे कोणाला ठाऊक असणार? सुपरवायझरने बर्फ लावला, दवाखान्यासाठी मोबाइलवरून २,००० रुपये पाठवले आणि बजावलं, "डॉक्टरला घरी पडलो म्हण. पात्रांवाच्या (मालकाच्या) मागे उगाच भानगड नको." दवाखान्यात एक्स-रे निघाला. त्यात हाड शाबूत. कागदावर लिहिलं गेलं: घरी पायरीवरून घसरून पाय मुरगळला. क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या, आठवडाभर विश्रांती.

ही शीर तुटली तरी माणूस लंगडत चालू शकतो. पायाचे बाकीचे स्नायू पाऊल थोडंफार हलवत राहतात, म्हणून मुरगळ समजून दिवस जातात. प्रेमानंदांचे दोन आठवडे असेच गेले. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट पुसायला ते चवड्यांवर उभे राहायला गेले, तेव्हा डावी टाच जमिनीवरून उचलेचना. बायकोने ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना पालथं झोपवून दोन्ही पोटऱ्या आळीपाळीने दाबल्या. उजवी दाबली की पाऊल हलायचं, डावी दाबली की पाऊल ढिम्म. मग सोनोग्राफी, ऑपरेशन, प्लास्टर.

माझ्याकडे आले तेव्हा पाय प्लास्टरमध्ये होता आणि हातात तो पहिल्या दवाखान्याचा कागद. बोलत होत्या त्यांच्या पत्नी. प्रेमानंद एकदाच बोलले: "हे मीच सांगितलंय. आता मी खोटारडा ठरलो. आणि घाई पण मीच केली, सावकाश उतरलो असतो तर काही झालं नसतं."

यातली घाईची गोष्ट मी आधी हातात घेतली, कारण ती त्यांना आतून जास्त खात होती. तेव्हा लागू असलेला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. चूक कोणाची, हा त्याचा पहिला प्रश्नच नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला का, हा प्रश्न. दारू किंवा नशा केलेली असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं, एवढ्याच गोष्टी कामगाराच्या विरोधात जातात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्याही जात नाहीत. पाऊल घाईने टाकणं हा गुन्हा नाही, आणि ती घाई ट्रक लवकर रिकामा व्हावा म्हणूनच होती. हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

खोट्याचं काय करायचं? माझं मत पक्कं आहे: ते आपणच आधी सांगायचं. पुष्कळ जण तो पहिला कागद लपवायला बघतात. कोणी तर फाडून टाकायचा सल्ला देतात. असं करू नका. तो कागद पुढे येतोच, आणि तो मालकाच्या वकिलाने दाखवला की माणसाच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. हाडाच्या इजेत एक्स-रे बोलतो. शिरेच्या इजेत ती कधी आणि कशी झाली हे बहुतेक कागदच सांगतात, त्यामुळे कागद सरळ असणं फार गरजेचं.

पुढच्या तपासणीला प्रेमानंदांनी बांबोळीच्या डॉक्टरांना तारीख, वेळ, ट्रक, पेटी, फाळका, तो आवाज, सगळं सांगितलं आणि केसपेपरवर नोंदवून घ्यायची विनंती केली. पहिल्यांदा घरी पडलो असं का सांगितलं, तेही सांगितलं. डॉक्टर रुग्णाने दिलेली माहिती म्हणून ती लिहितात. शीर एवढी तुटायला कसा जोर लागतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मग मालकाला पत्र. मी मजकूर सुचवला, लिहिलं प्रेमानंदांनी स्वतःच्या हाताने. त्यात एक वाक्य होतं: "सुपरवायझरने सांगितल्यामुळे व काम जाईल या भीतीने मी पहिल्या डॉक्टरांना घरी पडलो असे सांगितले, ते खरे नव्हते." हे वाक्य लिहिताना त्यांचा हात बराच वेळ थांबला होता. पत्र पोचपावतीसह पाठवलं आणि एक प्रत जवळ ठेवली. अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर द्यायची असते आणि दाव्याला मुदत दोन वर्षांची. सूचनेला उशीर झाला तरी सगळं संपत नाही. मालकाला दुसऱ्या मार्गाने अपघात त्याच सुमारास कळला होता हे दाखवता आलं, तर उशीर दाव्याच्या आड येत नाही. इथे सुपरवायझरचे ते २,००० रुपये कामी आले. पैसे अपघाताच्याच दुपारी आले होते आणि सोबत 'पायाचे' असा शब्द होता. शिवाय प्रेमानंदांनी त्याच संध्याकाळी भावाला पाठवलेला व्हॉइस मेसेज होता: ट्रक उतरवताना पाय गेला, उद्या येत नाही.

सोबतच्या कामगाराने साक्ष द्यायला नकार दिला. प्रेमानंदांच्या पत्नी त्याच्यावर फार चिडल्या होत्या. मला ती चीड समजते, पण त्याच्या घरातही एकच पगार येतो.

मालकाचं उत्तर आलं: हा घरी पडला, आणि माझ्याकडे तर सहाच माणसं, मला कायदा लागू नाही. यातला सहा माणसांचा मुद्दा अनेकांना खरा वाटतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू होतो. तसं असतं तर दावा ईएसआयकडे गेला असता आणि तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळाली असती, म्हणजे पुष्कळच बरं. ईएसआय नाही म्हणून मालक सुटला असं मात्र होत नाही. मोटार वाहनात माल चढवणं-उतरवणं हे काम १९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सरळ लिहिलेलं होतं.

पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करून अर्ज तयार केला. अर्जाची प्रत हातात पडल्यावर मालकाचा सूर बदलला. इथे मालकाबद्दलही एक सांगते. त्यांनी या जबाबदारीचा विमा काढलेलाच नव्हता, सगळं खिशातून जाणार होतं. छोट्या मालकांनी हा विमा काढला तर 'घरी पडलो म्हण' असं सांगायची वेळच येणार नाही.

आकडे असे होते. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. महिन्याला धरले तर अर्धा पगार. हिशेबासाठी पगार कितीही असला तरी तेव्हा १५,००० च्या वर धरत नसत. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकलं तर पहिल्या दिवसापासून, नाहीतर पहिले तीन दिवस सोडून. प्रेमानंद साडेचार महिने कामावर जाऊ शकले नाहीत, म्हणजे ३१,५०० रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायचा. सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशनचा भार कमी पडतो, पण पहिला दवाखाना, बाहेरून घेतलेला वॉकर बूट, फिजिओथेरपी यांची बिलं होती. जपून ठेवली होती म्हणून मिळाली.

खरा पेच पुढे आला. मालक म्हणाले, "२५,००० एकरकमी देतो, पुढे काही मागणार नाही असं लिहून दे." चतुर्थीचं कर्ज डोक्यावर, मुलांच्या फीया थकलेल्या. प्रेमानंद सही करायला निघालेच होते. कायद्याने असा हक्क सोडून देणारा करार रद्दबातलच असतो, पण सही झाली की माणूस पुन्हा उभा राहायला कचरतो. म्हणून मी त्यांच्यासमोर कागदावर गणित मांडलं. कायमचं अंशतः अपंगत्व राहिलं तर पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक, आणि त्यातला कमाईची क्षमता गेल्याचा टक्का. वय ४० ला गुणक १८४.१७. म्हणजे ८,४०० गुणिले १८४.१७, साधारण १५ लाख ४७ हजार. त्याचा एक टक्का म्हटला तरी १५,४७० रुपये. पाय बरा झाल्यावर डॉक्टर काय टक्का देतील हे कळायच्या आधी २५,००० वर सही कशाला? पत्नी म्हणाल्या, "फीचं मी बघते, तुम्ही थांबा." त्यांनी बचत गटातून पैसे उचलले.

सहा-सात महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा डाव्या पायाच्या चवड्यावर एकट्याने उभं राहणं अजून जमत नव्हतं, आणि ओझं घेऊन उतरणं तर नाहीच. डॉक्टरांनी कमाईच्या क्षमतेची हानी ८ टक्के धरली. रक्कम १,२३,७६२ रुपये. तडजोड आयुक्तांपुढे नोंदवली गेली. रक्कम देय झाल्यावर महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि शिवाय दंडही लागू शकतो, हे मालकांना त्यांच्याच वकिलाने सांगितलं असावं, कारण पैसे वेळेत आले. प्रेमानंद आता त्याच गोदामात माल उतरवत नाहीत, चलन बघून पेट्या मोजून घेतात. सुपरवायझर अजून नीट बोलत नाही आणि त्याचा त्यांना त्रास होतो. त्यासाठी ते अधूनमधून माझ्याकडे येतात.

गुडघ्याच्या आणि घोट्याच्या लिगामेंटचंही असंच. गुडघ्यात आवाज होऊन काही तासांत सूज चढली आणि एक्स-रे साफ आला, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. हळूहळू येणारं दुखणं जास्त अवघड असतं. काजू फोडणाऱ्या बायकांच्या अंगठ्याजवळची शीर वर्षानुवर्षं तेच काम करून सुजते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हे दुखणं आहे, पण १९२३ च्या आपल्या कायद्याच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे ठरावीक दिवसाचा अपघात दाखवावा लागायचा. हा अन्याय होता असं मला वाटतं. अशा बायकांना मी निदान दुखणं सुरू झाल्यापासूनचे सगळे केसपेपर ठेवायला आणि डॉक्टरांना आपलं काम नेमकं काय ते सांगायला सुचवते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि भरपाईचा विषय आता तिच्या सातव्या प्रकरणात आहे. दाव्याची दोन वर्षांची मुदत तशीच आहे. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसला तर, आता त्यात धरला जातो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. जाताना पहिल्या दवाखान्याचा कागद सोबत न्या, त्यावर काहीही लिहिलेलं असो.